मामांची ‘ओरिजिनल’ लक्ष्मी

प्रश्न: नमस्कार. आमच्या आजोळी मिरजेला माजघरात लक्ष्मीचं एक मोठं जुनं चित्र आहे, कमळावर उभी, चार हात, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. खाली कोपऱ्यात रविवर्म्याची इंग्रजी सही आहे. मोठे मामा म्हणतात हे ओरिजिनल पेंटिंग आहे, कारण काच काढून हात फिरवला की कॅनव्हाससारखं खरखरीत लागतं. आता घर विकायचंय, वाटण्या चालल्यात आणि या एका चित्रावरून मामा आणि धाकटी मावशी एकमेकांशी बोलत नाहीयेत. खरंखोटं कसं ओळखायचं? आणि एकूणच रविवर्म्याचा हात ओळखायचा कसा? मला तर जुन्या कॅलेंडरवरच्या सगळ्या देवी सारख्याच दिसतात.

उत्तर: आधी मावशींना फोन करा. चित्र न बघता सांगतो, ते छापील आहे. मामांचा राग येऊ देऊ नका, त्यांच्या बोटांनी त्यांना फसवलंय आणि ती फसवणूक सव्वाशे वर्षांपूर्वी मुद्दाम करून ठेवलेली आहे. राजा रविवर्मा (1848 ते 1906) मूळचे केरळातल्या किळिमानूरचे, पण त्यांनी 1894 साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला आणि तो 1899 च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथं जे छापायचे त्याला ओलिओग्राफ म्हणतात. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग चढवत जायचे आणि शेवटी वर व्हार्निश, शिवाय कागदावर दाब देऊन कॅनव्हासची वीण उठवायची, म्हणजे लांबून आणि हात लावूनसुद्धा तैलचित्र वाटावं. मामांना लागतं ती खरखर हीच. खऱ्या तैलचित्रात रंग कुठं जाड कुठं पातळ असतो, दागिन्यावरच्या चमकेचा ठिपका बोटाला टोचल्यासारखा लागतो, इथं मात्र चेहरा असो की पाणी की हत्ती, सगळीकडे एकसारखी वीण. (हात एकदाच फिरवा, रोज रोज नको, व्हार्निश तडकतं.)

मग एक भिंग घ्या, स्टॅम्प गोळा करणाऱ्यांकडे असतं तसं, आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. गाल विरघळून बारीक बारीक ठिपके दिसतील, वेडेवाकडे, कमीजास्त, हातानं दिलेले, कारण दगडावर ते कारागिरानं एकेक करून काढलेले असायचे. असं दिसलं तर तुमच्याकडे जुना ओलिओग्राफ आहे आणि ती चांगली बातमी आहे. ठिपके अगदी शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल गोल रचलेले दिसले तर मात्र ते नंतरच्या ऑफसेट मशीनवरचं रिप्रिंट. ओठांची कड आणि बांगड्यांच्या कडाही बघून घ्या, दगड केसभर सरकला असला तर लाल रंग ओठाबाहेर आलेला दिसतो. ब्रशनं काढणारा माणूस अशी चूक करत नाही.

सहीवर जाऊच नका, मूळ चित्रावरची सहीसुद्धा चित्राबरोबर छापली जायची. त्यापेक्षा खालच्या समासात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, फ्रेमखाली दडलेलं असतं. मुंबई असेल तर प्रत सुरुवातीच्या वर्षांतली, कार्ला-लोणावळा असेल तर नंतरची. आणि नंतरची म्हणजे रविवर्म्यांच्या हयातीतली असंही नाही, कारण कर्ज झाल्यावर त्यांनी प्रेस फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथं छापली गेली, म्हणजे समासात ‘रविवर्मा प्रेस’ वाचून चित्र रविवर्म्यांचं असं समजू नका. जाता जाता, आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी या प्रेससाठी काम केलेलं.

आता हात कसा ओळखायचा. तुम्हाला सगळ्या देवी सारख्या दिसतात ना, त्याला कारण हेच गृहस्थ! 1896 साली त्यांनी लक्ष्मी आणि सरस्वती रंगवल्या, त्या छापून घराघरात गेल्या आणि नंतर प्रत्येक कॅलेंडरवाल्यानं त्यांचीच नक्कल केली. तेव्हा पोशाख, कमळ, मोर यावरून ओळखायला जाल तर फसाल, ते सगळ्यांनीच उचललंय. मी स्वतः पाय बघतो. रविवर्म्यांच्या बाईचं वजन जमिनीवर पडलेलं असतं, एक पाय भार घेतो, दुसरा गुडघ्यात जरा सैल, त्यामुळं कंबर एका बाजूला कललेली. नक्कल करणाऱ्याची देवी तरंगते. दुसरं, उजेड एकाच बाजूनं येतो, म्हणून हनुवटीखाली, बाजूबंदाखाली, नथीखालीसुद्धा सावली पडते, तर कॅलेंडरात दोन्ही गाल सारखेच गुलाबी. तिसरं कापड, आणि इथं मी थोडा हळवा होतो कारण बहुतेक नायिकांना त्यांनी आपल्याकडच्यासारखं नेसवलंय आणि ते लुगडं खरंच जड वाटतं, काठाची जर घडीच्या टोकावर चमकते आणि घडीच्या आत विझते.

आणि गोष्टीतला क्षण. हंस बोलतोय आणि दमयंती ऐकतेय, शकुंतला पायातला काटा काढायचं निमित्त करून मागं वळून बघतेय, म्हणजे आपण नाटकाच्या मधेच थिएटरात शिरलोय असं वाटतं. या नाटकीपणाला पुढं बऱ्याच जाणकारांनी नावं ठेवली आणि काही चित्रांत ते खरंही आहे, हात जरा जास्तच उचललेले असतात. लक्ष्मी मात्र सरळ आपल्याकडे बघते, पूजेला लावायची म्हटल्यावर तिनं दुसरीकडे बघून कसं चालेल.

डोळा तयार करायचा तर मोबाईलवर नको. बडोद्याला लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, सयाजीरावांनी करून घेतलेली चित्रं तिथं आहेत. एवढं लांब जमत नसेल तर साताऱ्याजवळचं औंधचं म्युझियम तुम्हाला एका दिवसात होतं. तिथं एका चित्रासमोर अर्धा तास थांबा आणि घरी येऊन लक्ष्मीकडे बघा.

प्रश्न: (त्याच वाचकाचा, दुसऱ्या दिवशी आलेला) भिंगानं बघितलं, ठिपके वेडेवाकडेच आहेत. पण लक्ष्मीच्या साडीवर आजीनं खरी जर आणि टिकल्या चिकटवल्यात, काही ठिकाणी मणी शिवलेत. मामा म्हणतात यामुळं किंमत गेली, काढून टाकू का?

उत्तर: हात लावू नका! त्या काळी घरोघरी बायका हे करायच्या, चित्रातल्या देवीला खरी साडी नेसवल्यासारखी सजवायच्या आणि आता अशा सजवलेल्या प्रती लोक मुद्दाम शोधत फिरतात. काढायला गेलात तर गोंदाबरोबर रंगही निघेल. मागचा लाकडी पाट वाळवीनं पोखरलाय का ते तेवढं बघा आणि मागं साधा पुठ्ठा लावणार असाल तर अ‍ॅसिड नसलेला मागून घ्या, चांगल्या फ्रेमवाल्याला कळतं. आणि मणी शिवलेत म्हणताय तर ते आजीनंच शिवलेत की पणजीनं, हे मावशींना नक्की माहीत असेल, विचारा त्यांना.