तुळशीवृंदावनाला डेल्फ्टच्या टाइल्स बसवाव्या का?

प्रश्न : माझे मामा बोटीवर होते. त्यांनी हॉलंडहून आणलेल्या सहा जुन्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स आणि एक मोठी बशी ट्रंकेत पडून आहे. टाइल्सवर गलबतं आणि खेळणारी मुलं आहेत. घराची डागडुजी चालू आहे. गवंडी म्हणतो, तुळशीवृंदावनाला लावू. चालेल का? आणि बशी जेवायला वापरावी का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, वृंदावनाला नकोच, आणि सिमेंटात तर कुठेच नको.

चीनहून डचांकडे येणारी पोर्सेलीनची भांडी 1620 नंतर चीनमधल्या धामधुमीत दुर्मिळ होत गेली, तेव्हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई देऊन, कोबाल्टने निळी चित्रं काढून तसाच थाट उभा केला. म्हणजे पांढरेपणा वरच्या पातळ थराचाच. टाइलची कड बघा, आत मळकट-पिवळसर माती दिसेल. ही माती पाणी पिते. आमच्या मालवणच्या घरात श्रावणात जांभ्याच्या भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. तोच क्षार टाइलमध्ये शिरला, की सुकताना त्याचे खडे होतात आणि झिलई उडवून लावतात. ते चित्र मग परत येत नाही. डच लोकही या टाइल्स घरातच लावत, चुलाण्याभोवती आणि भिंतीच्या पायथ्याशी, केरसुणी नि ओल्या फडक्याने चुन्याची भिंत मळू नये म्हणून.

तुम्ही सुताराकडून फणसाच्या लाकडाची चौकट करून घ्या. जुन्या टाइल्स साधारण 13 सेंटिमीटर चौरस असतात. दोन ओळींत तीन-तीन छान बसतील. मागे हवा खेळू द्या आणि चौकट माजघराच्या आतल्या भिंतीवर टांगा, पश्चिमेच्या झडीकडच्या भिंतीवर नको.

बशीत जेवू नका. जुन्या झिलईत शिसं असतं आणि सोलकढी, आमसुलाचं सार अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. मागे बाटलीची खूण आणि खाली जेटी ही इंग्रजी अक्षरं असली, तर ती बहुधा 1653 साली सुरू झालेल्या ‘पोर्सेलेने फ्लेस’ कारखान्याची, 1876 नंतरची. पण नकलाही पुष्कळ आहेत. भिंगातून बघा : छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, हाताच्या कामात कुंचल्याचा दाट-फिका फटकारा. खऱ्याखोट्याचा निकाल काही लागो, मामांची आठवण म्हणून ती दर्शनी जागी हवीच. लोखंडी स्प्रिंगचा हँगर मात्र टाळा. खाऱ्या हवेत तो गंजतो आणि कड टवकते. लाकडी स्टँड बरा.

सुतार टाइल्सच्या कडा घासून सारख्या करू म्हणेल. करू देऊ नका, चौकटीची खाच मोठी करायला सांगा.