देणगी संपल्यावर पगार कोण देणार?

प्रश्न : गरिबी हटवणं हे सरकारचं काम. मग खासगी देणगीदार कशाला हवेत?

उत्तर : काम सरकारचंच आहे. पण करदात्यांच्या पैशातून नवा प्रयोग करायला अधिकारी कचरतात. फसला तर लेखापरीक्षणाचा ससेमिरा मागे लागतो. देणगीचा पैसा तो धोका पत्करू शकतो. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. गाय किंवा शेळी द्यायची, सुरुवातीला खर्चापुरती थोडी रक्कम, बचतीची सवय आणि घरी येऊन नियमित विचारपूस करणारा कार्यकर्ता, असं साधारण दोन वर्षं. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेसारख्यांच्या मदतीने हाच कार्यक्रम आणखी देशांत राबवला. त्यातल्या सहा देशांतले निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी कुटुंबं सावरलेलीच होती. होंडुरासमध्ये मात्र वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. पुढे 2018 मध्ये बिहार सरकारने याच धर्तीवर स्वतःची योजना आणली. देणगीदाराने वाट शोधावी आणि सरकारने ती रुळवावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

प्रश्न : आमची संस्था सरकारशी करार करते आहे. काय पाहावं?

उत्तर : तुम्ही बाहेर पडल्यावर कर्मचाऱ्यांचा पगार कोण देणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा. मी एका पोषण केंद्रात गेलो होतो. तीन वर्षं देणगीवर उत्तम चाललं. चौथ्या वर्षी पद मंजूर नाही, लेखाशीर्ष (सरकारी अर्थसंकल्पात त्या खर्चाची स्वतंत्र नोंद) नाही. वजनकाटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला, नोंदवहीतली शेवटची नोंद मार्चमधली. ती वही मी अजून विसरलेलो नाही.

अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयाच्या इमारतीला पैसे देताना अट घालत : जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी सरकारी तिजोरीतून खर्च करायची. अशी अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली. तुम्हीही दुसऱ्या वर्षापासून पगाराचा काही हिस्सा सरकारच्या अर्थसंकल्पातून मागा आणि तो दरवर्षी वाढवत न्या. फक्त तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

प्रश्न : पैसा देणाराच धोरण ठरवू लागला तर?

उत्तर : ही भीती खरी आहे. देणगीदाराला कोणी निवडून दिलेलं नसतं. म्हणून लाभार्थींची यादी गावासमोर वाचली जावी, करार सर्वांना पाहता यावा आणि मूल्यमापन तिसऱ्याच संस्थेकडे असावं. निकाल वाईट आला तरी तो प्रसिद्ध करायचा, हे सह्या होण्याआधीच लिहून घ्या.