बुद्धिबळाच्या वर्षभराच्या शालेय प्रकल्पात ‘मी काय शिकले’ हा भाग कसा लिहायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यात आठवीत आहे, जूनपासूनचा बुद्धिबळाचा प्रकल्प संपत आलाय, फाईल सजून तयार आहे. शेवटच्या चार पानांत तिनं ‘एकाग्रता वाढली, संयम आला, हार पचवायला शिकले’ असं लिहिलं आणि बाईंनी ते परत पाठवलं. आता काय लिहायचं?

बाईंचं बरोबर आहे. ती तीन वाक्यं कथकच्या प्रकल्पातही जशीच्या तशी चालतील. ‘बुद्धिबळामुळे गणित सुधारतं’ हे पालकांचं लाडकं वाक्यही घालू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर याची मोठी चाचणी झाली. मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभरानं गणित तपासलं. २०१६च्या अहवालानुसार फरक दिसला नाही. खेळ चांगलाच आहे, पण म्हणून त्याच्याकडून गणिताची शिकवणी वसूल करायला नको.

मी तिला एवढंच सांगेन की फाईल बाजूला ठेव आणि स्कोअरशीट (डावातल्या खेळी लिहिलेले कागद) काढ. वर्षभरात काय बदललं ते तिथेच सापडेल. स्पर्धेतली मूळ शीट आयोजकांची असते, खेळाडूकडे खालची कार्बन प्रत उरते आणि तिची अक्षरं उडत जातात. म्हणून आधी सगळ्यांचे फोटो काढा, मग एकेक डाव लिचेससारख्या बुद्धिबळाच्या साइटवर चढवा.

चढवताना निम्म्या शीट मध्येच अडतील, कारण शीटवर लिहिलेली खेळी नियमात बसतच नाही. मुलांची ठरलेली चूक म्हणजे दोन्ही घोडे एकाच घरात जाऊ शकत असताना कुठला गेला ते न लिहिणं. उदाहरणार्थ, घोडे बी१ आणि एफ३ वर असतील तर दोघांनाही डी२ला जाता येतं. दुसरी चूक म्हणजे ‘बी’च्या जागी ‘डी’ लिहिणं. तिसरी, एक ओळ गाळल्यानं पुढच्या सगळ्या खेळी एका ओळीनं खाली सरकणं. अडलं की त्याच खेळीशी झटापट करू नका. पुढच्या चार-पाच खेळी वाचा आणि त्या शक्य व्हायला कुठलं मोहरं कुठे असायला हवं ते पाहा. बहुतेक डाव जुळतात. जे जुळणार नाहीत ते सोडून द्या, अंदाजानं भरू नका.

आता जून-जुलैचे पहिले १० डाव आणि अलीकडचे १० डाव निवडा. अट एकच: वेळ सारखी हवी. दहा मिनिटांचे डाव आणि दीड तासाचे डाव एका तक्त्यात घातले तर सुधारणा झाली की फक्त विचाराला वेळ जास्त मिळाला, ते कळणार नाही. परीक्षांच्या दिवसांत डाव कमीच असतील. ती भोकं तशीच दिसू द्या.

या वीस डावांत फक्त घोडचुका मोजायच्या. त्यासाठी स्टॉकफिश (डाव तपासणारं संगणकी इंजिन) लावा, पण त्याच्या प्रत्येक लाल खुणेला घाबरू नका. कोण किती पुढे आहे ते इंजिन प्याद्यांत मोजतं. अर्ध्या प्याद्याचा फरक आठवीतल्या मुलीच्या डावात काही ठरवत नाही. एका खेळीत मूल्यमापन दोन प्याद्यांहून जास्त घसरलं तरच मोजा. डाव आधीच +९ असेल आणि तो +६ झाला तर तेही सोडा, जिंकणारी बाजू जिंकतच होती. अचूकतेची टक्केवारी तर अजिबात घेऊ नका. कच्च्या खेळाडूला १५ खेळींत हरवलं की ती नव्वदीच्या पुढे सहज जाते. मोजणी डावामागे न करता शंभर खेळींमागे करा. समजा, ३४० खेळींत ३१ घोडचुका निघाल्या, तर प्रमाण नऊच्या आसपास.

नुसत्या आकड्यात मात्र फारसं काही नाही, खरं सापडतं ते प्रकारांत. प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिहायला लावा: ‘फुकट’ (मोहरं मारात ठेवलं), ‘दुहेरी’ (घोड्यानं एकाच वेळी राजा आणि हत्ती धरला ते दिसलं नाही), ‘घाई’ (घड्याळ संपत आलं होतं), ‘शेवट’ (जिंकलेला डाव जिंकता आला नाही). बऱ्याच मुलांचं ‘फुकट’ वर्षभरात पार कमी होतं आणि ‘शेवट’ वाढतो. ही पीछेहाट नव्हे. आधी डाव एंडगेमपर्यंत (मोजकी मोहरी उरतात त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत) पोचतच नव्हता, आता पोचतोय. तिच्याही तक्त्यात असं दिसलं तर याच वाक्यावर दीड पान लिहिता येईल.

‘शेवट’मधला नेहमीचा नमुना असा. काळ्याचा एकटा राजा एच८ वर, पांढऱ्याचा वजीर आणि राजा शिल्लक. पांढरा आनंदात वजीर एफ७ वर ठेवतो. जी८, जी७, एच७ ही तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात येतात, पण राजाला शह नाही. म्हणजे स्टेलमेट: शह नाही, पण खेळीही उरली नाही, म्हणून डाव बरोबरीत आणि अर्धा गुण. कोपऱ्यातल्या एकट्या राजापासून बरोबर घोड्याच्या चालीच्या अंतरावर वजीर ठेवला आणि खेळी काळ्याची असली की दर वेळी हेच होतं. अशी एक चौकट पटाच्या आकृतीसह फाईलमध्ये लावली तर ती चकचकीत कागदावर छापलेल्या विश्वनाथन आनंदच्या फोटोपेक्षा जास्त बोलते.

रेटिंगचा आलेख लावायचा मोह होईल. लावा, पण त्याखाली सावध टीप हवी. १८ वर्षांखालच्या आणि २३००च्या आतल्या खेळाडूला फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) गुणक, म्हणजे एका डावात रेटिंग किती हलू शकतं तो आकडा, ४० असतो. रेटिंगमध्ये २०० गुणांनी खालच्या खेळाडूविरुद्ध डावाच्या एका गुणापैकी ०.७६ गुणाची अपेक्षा धरली जाते, त्यामुळे असा एक डाव हरला की रेटिंगचे ३० गुण जातात. एका रविवारच्या सर्दीनं आलेख कोसळू शकतो. ऑनलाइन रेटिंग वेगळ्या पद्धतीनं मोजतात, ते त्याच आलेखात मिसळू नका.

एक अडचण उरते. त्या त्या वेळी मनात काय चाललं होतं ते तिनं लिहून ठेवलेलं नसणार. डाव चालू असताना शीटवर खेळी, घड्याळाची वेळ, बरोबरीचा प्रस्ताव अशा गोष्टींपलीकडे काही लिहिता येत नाही, विचार तर नाहीच. म्हणून आता ‘तेव्हा मला वाटलं’ असं रचू देऊ नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी जूनच्या डावांतल्या सहा अवघड स्थिती तुम्ही निवडा, पुढच्या खेळी झाका आणि पट मांडून द्या. प्रत्येकीला पाच मिनिटं. ती आज काय खेळेल आणि का, हे इंजिन लावायच्या आधी पेननं लिहायला सांगा. मग जूनची खेळी, आजची खेळी आणि इंजिनची खेळी शेजारी-शेजारी ठेवा. सहापैकी दोन ठिकाणी ती आजही तीच चूक करेल. त्या दोन नक्की छापा.

एक पान घरच्यांसाठी राखता येईल. आजोबा देशी नियमांनी खेळले असतील तर त्यांच्याशी एक डाव लावा: प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते आणि प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचतं तेच मोहरं होतं. मग डाव किती संथ उघडतो ते तिला स्वतःला दिसेल. अभिजित कुंटे पुण्याचे पहिले ग्रँडमास्टर, वगैरे माहिती फाईलच्या सुरुवातीला असेलच, ती इथे पुन्हा नको.

या सगळ्याला दोन रविवार लागतील, त्यातला एक शीट जुळवण्यातच जाईल.