खुनी कोण ते झाक, कथेचं नाव झाकू नको
रहस्यकथेचा शेवट सांगितल्याशिवाय राहवत नसेल तर रॉट-१३ ही अक्षरं सरकवायची सांकेतिक लिपी वापर. इंग्रजी अक्षरं २६, प्रत्येक १३ घरं पुढे सरकवायचं, झेडनंतर पुन्हा ए. 'माळी' रोमनमध्ये एम-ए-एल-आय, त्याचं होतं झेड-एन-वाय-व्ही. तेच पुन्हा १३ घरं सरकवलं की माळी परत हजर. वेगळी किल्ली लागतच नाही. यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर १९८०च्या दशकात चावट विनोद असेच झाकायचे. पासवर्ड मात्र यात लपवू नकोस, कुणीही क्षणात उलगडेल.

देवनागरी जशीच्या तशी राहते हं! मी एकदा न बघताच पाठवलं आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आकडेही हलत नाहीत, म्हणून '३ खून' न लिहिता 'तीन' रोमन अक्षरांत लिही. कथेचं नाव नि कितवा भाग हे उघडंच ठेव, नाहीतर उलगडावं की नाही हे वाचणाऱ्यानं ठरवायचं कसं?