वाचकांचे प्रश्न : गाडी रिव्हर्स घेताना

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे. गाडी आणि ओट्याच्या मध्ये सापडता सापडता आमचा एक हमाल परवा थोडक्यात वाचला. दोन्ही गाड्यांना मागे सेन्सर बसवलेत, पण ड्रायव्हर वायरच काढून ठेवतात. काय करावं?

उत्तर : वायर का काढतात, ते आधी बघा. बहुतेकदा कारण फाळका, म्हणजे हौद्याची मागची खाली पडणारी फळी, असतो. ड्रायव्हर लांबूनच फाळका खाली सोडतो, तो बंपरवरच्या सेन्सरसमोर लोंबतो आणि आवाज थांबतच नाही. कान किटले की माणूस वायर काढणारच. म्हणून फाळका बंद ठेवून ओट्यापासून दोन-अडीच मीटरवर यायचं, थांबायचं, मग फाळका सोडायचा. पुढचा टप्पा सेन्सरवर नाही, क्लीनरच्या इशाऱ्यावर.

दुसरी चूक मोजमापाची. हौद्याचं टोक बंपरच्या किती मागे येतं ते टेपने मोजा. 40 सेंटिमीटर आलं, तर स्क्रीनवर 0.4 दिसतं तेव्हा हौदा ओट्याला टेकलेला असतो. हा आकडा डॅशबोर्डवर रंगाने लिहा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सेन्सरवर वाळला की तो उगाच वाजतो किंवा मुका होतो. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा.

आणि हे ड्रायव्हरला पटवाच : सेन्सरला भिंत नीट कळते, पोती, बारीक खांब, वाकलेला माणूस यांच्यावरून सेन्सरने सोडलेला आवाज नीट परतत नाही. शिवाय ताशी 5 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 1.4 मीटर जाते. अडीच मीटरवर पहिला आवाज आला, तर हातात दोन सेकंदही नाहीत. त्यातला एक पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. माणसाच्या चालीपेक्षा हळू यायचं, ते यासाठी.

क्लीनर ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून तीनेक मीटर बाहेर उभा राहावा, आरशात दिसेल असा. तो दिसेनासा झाला की गाडी जागीच थांबली पाहिजे. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा एकच. चौघांनी ओरडायचं नाही. हौद्यावर थाप मारायची सवय असेल, तर आपसात ठरवा : एक थाप म्हणजे थांब. कुठे एकीचा अर्थ ‘आण’ असतो, तिथेच घात होतो.

ओट्यापुढे जमिनीत 15 सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा अडसर घाला. मागच्या चाकापासून हौद्याच्या टोकापर्यंतचं अंतर ज्या गाडीचं सर्वांत जास्त, तिच्या मापाने. बाकीच्या गाड्या थोड्या अलीकडे थांबतील, तिथे फळी टाका. ओट्याला टांगलेले जुने टायर भिंत वाचवतात, माणूस नाही. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा) लागली, की मगच हमाल मागे जाईल.

प्रश्न : जालन्यात बांधकामावर सिमेंट पोचवणारा पिकअप आहे. रिव्हर्सचा बझर मिक्सरच्या आवाजात ऐकूच येत नाही.

उत्तर : आधी रिव्हर्सचा दिवा बघा, बझर बहुधा त्याच वायरवर असतो. दिवाही मंद असेल, तर दोष वायरीत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये. बझरच्या टोकांवर मीटर लावा, बॅटरीपाशी 12.5 व्होल्ट आणि इथे 11च्या खाली असेल, तर जोड साफ करा. दिवा लख्ख असून आवाज बारीक असेल, तर बझर पाहा. पिकअप 12 व्होल्टचा, मोठे ट्रक 24 व्होल्टचे. 24चा बझर 12वर कण्हतो. तोंड मागे आणि किंचित खाली करून बसवा, नाहीतर त्यात चिखल भरतो. इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून, शेजारी मिक्सर चालू असताना तपासा. गाण्याची चाल वाजवणारा बझर घेऊ नका. साधं ‘टीं-टीं’ ऐकलं की माणूस आपोआप बाजूला होतो. गाणं ऐकून तो वळून बघत उभा राहतो.

प्रश्न : उघड्या हौद्याच्या ट्रकला कॅमेरा कुठे लावावा? (परभणी)

उत्तर : फाळक्यावर नको, फाळका उघडला की तो जमीन दाखवतो. मागच्या कोपऱ्यातल्या खांबावर, उंचावर, वर छोटी टोपी करून लावा. मग हौद्याच्या टोकापासून 1, 2 आणि 3 मीटरवर जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढा आणि त्या जिथे दिसतील तिथे स्क्रीनवर टेपच्या पट्ट्या चिकटवा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या तयार रेघा तुमच्या गाडीच्या मापाच्या नसतात.