पाचवी-सहावीच्या मुलांना इंटरनेट सुरक्षितता शिकवायची तर सुरुवात कशापासून करावी?

ओटीपी आणि यूपीआय पिनपासून करा. पासवर्ड किती अक्षरी असावा हे नंतर. या वयाची बहुतेक मुलं आई-बाबांचाच मोबाईल वापरतात, आणि बँकेचं ॲप त्याच मोबाईलमध्ये असतं. मी शाळेत संगणक शिकवतो. वर्गात ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असा खोटा मेसेज फळ्यावर लिहून त्यातली खोट मुलांनाच शोधायला लावतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो, एवढं कळलं की मुलं घरी जाऊन आजोबांनाही बजावतात. (भित्तीपत्रक स्पर्धेतून यातलं फारसं काही साधत नाही.) पुढच्या तासाला हे घ्या:

- पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते
- गेममध्ये भेटलेल्या अनोळखी ‘मित्रा’ला फोटो, शाळेचं नाव, पत्ता द्यायचा नाही

मात्र फोटोवरून धमकावण्याचा प्रकार एखाद्या मुलाने सांगितला, तर त्याची वर्गात चर्चा नको. त्याच्याशी एकट्याने बोला, रागावू नका, चॅट डिलीट करू देऊ नका, पालकांना बोलवा. चाइल्डलाइनचा नंबर 1098.