राजीनाम्याआधी तुमच्या पंच्याऐंशीपर्यंतचा हिशेब

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ३४ वर्षांच्या, ते ५६ चे. चार वर्षं एकत्र राहता, लग्न केलेलं नाही. त्यांना आधीच्या लग्नाची दोन मोठी मुलं आहेत. ते लवकर निवृत्त होताहेत आणि म्हणतात, "तूही नोकरी सोड, मिळून जग बघू." शिवाय तुमची सगळी शिल्लक त्यांच्या घराच्या दुरुस्तीत घालायचं ठरतंय. "वयातल्या अंतरावर बोलू नका, फक्त पैशांचं सांगा," असं तुम्ही लिहिलंत. नात्याबद्दल मला काही म्हणायचंही नाही. पण ते अंतर हिशेबात येतंच, ते कसं वगळू?

राजीनामा देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगभरात बायका पुरुषांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं जास्त जगतात. त्यात तुमच्यातली २२ वर्षं मिळवा. त्यांच्या मागे तुम्हाला पाव शतक एकटीने काढावं लागेल, असं धरूनच चालायला हवं. "माझं आहे ते दोघांना पुरेल" हे ते मनापासून म्हणत असतील, पण तो हिशेब त्यांच्या आयुष्याचा आहे. ते ८५ चे होतील तेव्हा तुम्ही असाल ६३ च्या. आणि महागाई वर्षाला ६% धरली, तर २५ वर्षांत तोच खर्च चौपटीहून जास्त होतो.

आता नोकरीचं. समजा, तुम्ही ६० पर्यंत दरवर्षी सारखीच रक्कम गुंतवली आणि ८% परतावा मिळाला. शेवटी जी पुंजी जमेल, तिचा साधारण ६२% भाग पहिल्या १० वर्षांच्या हप्त्यांतून आलेला असेल; उरलेल्या १६ वर्षांचे हप्ते मिळून ३८% च देतील. "काही वर्षं थांबते, मग पुन्हा सुरू करते" यात तुम्ही नेमकी सगळ्यात मोलाची वर्षं सोडून देताय.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते ७८ चे होतील तेव्हा तुम्ही ५६ च्या असाल. त्यांच्या आजारपणासाठी नोकरी सोडायची वेळ आलीच, तर ती तेव्हा येईल, आणि तेव्हा तुम्ही ती सोडाल हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. त्या दिवसांसाठी आजची कमाई हाताशी हवी.

घराचं थोडक्यात सांगते. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. तुम्ही पैसे घातलेत तर त्याची किंमत वाढेल, आणि उद्या ते त्यांच्या मुलांकडे जाऊ शकतं. लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्या जोडीदाराला वारसाहक्क आपोआप मिळतो असं सगळीकडे नाही. मृत्युपत्र त्यांनी जरूर करावं, पण ते कधीही बदलता येतं. म्हणून पैसे घालायचेच असतील तर घराच्या कागदांवर तेवढ्या हिश्श्यापुरतं तुमचं नाव लावा. ते जमत नसेल तर कर्ज म्हणून द्या आणि तसं त्यांच्याकडून लेखी करून घ्या.

त्यांचं पेन्शनही विचारा. ते फक्त त्यांच्या हयातीपुरतं आहे, की नंतर तुम्हालाही मिळेल? दोघांच्या हयातीचं पेन्शन घेतलं तर जोडीदार जितका लहान तितकी दरमहाची रक्कम कमी होते, आणि काही योजनांत वयातलं अंतर मोठं असेल तर मागे राहणाऱ्याचा वाटा कापतात. हा पर्याय बहुधा एकदाच निवडता येतो, म्हणून ते निवृत्तीच्या कागदांवर सही करण्याआधी बोला. त्यांच्या नावाच्या मुदत विम्यावर विसंबू नका. या वयात हप्ता जड पडतो, आणि तुम्हाला पैशांची खरी गरज लागेल तोवर मुदत बहुधा संपलेली असेल.

मिळून फिरायची त्यांची इच्छा मला खोटी वाटत नाही, आणि ५६ नंतरची धडधाकट वर्षं मोजकी असतात हेही खरं. म्हणून आधी बिनपगारी रजा मागून बघा, नाहीतर कमी तासांचं काम. तरीही त्यांना तुमचा राजीनामाच हवा असेल, तर तुमची आजची मासिक बचत अधिक कंपनी तुमच्या निवृत्तीसाठी भरते ती रक्कम, एवढे पैसे त्यांनी दरमहा तुमच्या एकटीच्या नावावर गुंतवावेत. तेवढं त्यांना परवडतं का, ते आधी दोघांनी बसून कागदावर मांडा, आणि तो कागद मला पाठवा.